नामा म्हणे, मग लिहितो कोण?

चौथीतल्या मुलीपुढे वही उघडी आहे. वर 'माझी आई' असे शीर्षक लिहून झाले, त्याखाली दोनदा रेघ ओढून झाली आणि आता पेन्सिलीचे टोक दातात आहे. दिवस फेब्रुवारीचे, हळदीच्या हंगामाचे. आई दिवसभर रानात होती आणि आता चुलीपुढे भाकरी थापते आहे. असे घर हिंगोली जिल्ह्यात कुठेही सापडेल, वसमतकडे, कळमनुरीकडे, सेनगावच्या बाजूला. "माय, काय लिहू?" मुलगी विचारते. आई शाळेत गेलेली नाही, त्यामुळे ती थोरल्या मुलाकडे बघते. थोरला दप्तरातून निबंधाचे पुस्तक काढून देतो आणि दहा मिनिटांत निबंध उतरवून होतो. त्यातली आई पहाटे उठून सर्वांना चहा देते, मुलांचा अभ्यास घेते, रात्री गोष्टी सांगते आणि शेवटच्या ओळीत देवासारखी ठरते.

ती आई त्या घरात राहत नाही.

मुलांचे लेखन घरी कसे सुधारावे, असे पालक विचारतात तेव्हा त्यांना ठरलेली उत्तरे मिळतात. रोज एक पान शुद्धलेखन, अक्षर वळणदार, अवांतर वाचन. यातले काहीही खोटे नाही. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो धर्मविचाराच्या गाभ्यातला आहे. शब्द कोणाचा असतो? बोलणाऱ्याचा, लिहून ठेवणाऱ्याचा, की ज्याने कान दिला म्हणून तो उमटला त्याचा? या प्रश्नाचे एक उत्तर सातशे वर्षांपासून मराठी माणसाजवळ आहे आणि त्याची एक वाट हिंगोली जिल्ह्यातूनच जाते.

कयाधूच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते, नरसी नामदेव याच नावाने. नामदेवांचा जन्म १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई, कुळाचा धंदा शिंप्याचा. पत्नी राजाई, मुलगे नारा, विठा, गोंदा आणि महादा, सुना, मुलगी, बहीण, आणि गंगाखेडहून या घरात आलेली जनी. या घराबद्दल वारकरी परंपरेत एक कथा आहे. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला आणि तो पुरा करायला सगळे घर बसले. कोटींचा आकडा बाजूला ठेवला तरी नामदेवांच्या गाथेत या घरातल्या अनेकांच्या नावावर अभंग आहेत, हे उरतेच. सासू आणि सून, मालक आणि दासी, म्हातारे आणि पोरे एकाच छपराखाली रचना करीत होती, अशी आठवण एका समाजाने इतकी शतके जपली. घरातल्या घरात भाषा कशी वाढते, याचे याहून मोठे चित्र मराठीत दुसरे नाही.

आता या अभंगांच्या शेवटी येणारी सही पाहावी. नामा म्हणे. जनी म्हणे. पुढे चोखा म्हणे, तुका म्हणे. सगळे 'म्हणतात'. 'लिहितो' असे कोणीच म्हणत नाही. मराठीतल्या सर्वात जपलेल्या ओळी तोंडाच्या आहेत आणि त्यांच्यावरची नाममुद्रासुद्धा तोंडाचीच आहे. मग लिहिले कोणी?

याचे उत्तर जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात येते. कोणाचे बोल कोणी लिहिले, याची ती यादीच आहे. निवृत्तीचे बोल सोपानाने लिहिले. मुक्ताईचे शब्द ज्ञानदेवाने. सावता माळ्याचे काशिबा गुरवाने. चोखामेळ्याचे अनंतभट्टाने. आणि जनीचे शब्द लिहायला खुद्द पांडुरंग बसला.

या यादीवर थोडे थांबायला हवे, कारण तिच्यात एक अख्खा धर्मविचार आहे. वेदांच्या परंपरेत लिहिण्याकडे संशयाने पाहिले जाई. पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारचे वाईट पाठक सांगितले आहेत आणि पोथी समोर धरून वाचणारा त्यांतला एक आहे. मंत्र गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जायचा आणि तो कान कोणाचा असावा हेही ठरलेले होते. ज्यांना त्या ऐकण्यातून वगळले होते त्यांच्याकडे जनाबाईंची यादी वळते आणि त्यांच्या बोलण्याला लिहिणारा हात मिळवून देते. चोखोबांना देवळाच्या दारात थांबवले जात होते. त्यांचे शब्द लिहायला एक भट बसतो, म्हणजे त्याला आधी चोखोबांसमोर बसावे लागले, गप्प राहावे लागले आणि त्यांची ओळ पुरी होईपर्यंत वाट पाहावी लागली. जनी दळणकांडण करणारी, लेकरासारखी दुसऱ्याच्या घरी वाढलेली बाई. तिच्यापुढे तर देवच लेखणी घेऊन बसला. देव बोलतो आणि माणूस लिहून घेतो, हे जगातल्या अनेक धर्मांत आहे. इथे दासी बोलते आणि देव लिहून घेतो.

यातून लेखनिकाचा एक अर्थ निघतो, जो फार क्वचित बोलून दाखवला जातो. लेखनिक हा पहिला ऐकणारा असतो. समोर कोणी इतके मन लावून ऐकते आहे म्हटल्यावर बोलणारा आपले वाक्य सावरतो, राहिलेले सांगतो, चुकलेले मागे घेतो. जनीला शब्द कुठून सुचले याचे उत्तर वारकऱ्याने भक्ती असे दिले. त्याच उत्तराच्या आत असेही आहे की तिचे ऐकणारा कोणीतरी होता.

पुन्हा त्या यादीतली भावंडांची नावे पाहावीत. सोपान हा निवृत्तीचा धाकटा भाऊ आणि मुक्ता ही ज्ञानदेवाची धाकटी बहीण. धाकट्याने थोरल्याचे लिहिले आणि थोरल्याने धाकटीचे. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाची मुक्ताईने बाहेरून समजूत काढली, असे परंपरा सांगते. त्याच ज्ञानदेवाच्या हाती या यादीने तिचे बोल लिहायचे काम दिले आहे. चार अनाथ भावंडांच्या घरात आईबाप नव्हते, पंगतीला जागा नव्हती, पण एकमेकांचे बोलणे लिहून ठेवावे इतके मोलाचे आहे ही जाणीव होती. हिंगोलीतल्या त्या चुलीपुढच्या घरात थोरला मुलगा निबंधाचे पुस्तक काढतो तेव्हा त्याची चूक आळशीपणाची नसते. आपल्या बहिणीजवळ सांगण्याजोगे काही असेल, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

समजा, त्याने पुस्तक काढले नाही. समजा, पेन्सिल त्याने स्वतःच्या हातात घेतली आणि विचारले, "मायनं आज काय काय केलं, सांग बरं." मुलगी आधी म्हणेल, काही नाही. मग म्हणेल, "हळद काढाया गेलती." मग? "हात पिवळे झाल्यात तिचे." मग? आणि इथे मुलगी चुलीकडे बघेल, परातीकडे बघेल आणि म्हणेल, "भाकरी बी पिवळी दिसायली."

हे वाक्य कोणत्याही निबंधाच्या पुस्तकात नाही. ओल्या हळदीचा रंग चार-चार दिवस हाताचा जात नाही आणि ज्वारीच्या पांढऱ्या पिठावर तो चटकन दिसतो. मुलगी हे रोज पाहते आहे. पण तिने ते पाहिले आहे, हे तिला आता कळले, बोलल्यावर. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सहाव्या प्रकरणाच्या आरंभी शब्दाला आठवण देणारा म्हटले आहे, अमूर्ताचा आरसा म्हटले आहे. डोळस माणसाला आरशात दिसते यात नवल नाही, पण या आरशाने न पाहणाऱ्यालाही दिसू लागते, असा त्यांचा आशय आहे. पुढे त्याच प्रकरणात ते शब्दाच्या मर्यादा दाखवतात आणि आत्मस्वरूपापुढे शब्द थिटा पडतो असे सांगतात. तो भाग मोठ्या साधकांचा. मुलांपुरते पहिले पाऊल पुरेसे आहे. आधी पाहिले आणि मग लिहिले, इतका सरळ हा क्रम नाही. अनेकदा लिहिता लिहिताच पाहणे घडते. म्हणून विषय सुचत नाही म्हणणाऱ्या मुलाला आणखी विषय देऊन उपयोग होत नाही. त्याला प्रश्न विचारणारा माणूस लागतो.

आईला लिहिता येत नसेल तर? या प्रश्नावर पुष्कळ घरे हातपाय गाळतात आणि ते गाळण्याचे कारण नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, घरकाम करता करता त्या रचत गेल्या आणि घरातल्या मुलांनी ते उतरवून घेतले. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. निवृत्तीचा लेखनिक सोपान आणि बहिणाबाईंचा लेखनिक सोपानदेव, हा नावाचा योग मनाला स्पर्शून जातो. पण इथे महत्त्वाचे हे की घरातली भाषेची श्रीमंती निरक्षर बाईजवळ होती आणि साक्षर मुलाने तिच्यापुढे मान तुकवली. मूल आईचे लिहून घेते, तेव्हा लिहायला दोघांचीही गरज असते हे ते शिकते. कोणाच्या आजीला पेरणीचे नक्षत्र तोंडपाठ असते, कोणाच्या आजोबांना नाल्याला पूर आल्याची रात्र आठवत असते. ते बोलतील तसे लिहून घ्यायला सांगितले, तर नातवाचा हात वळतो आणि कान तयार होतो.

यात बोलीचा प्रश्न येणारच. 'दिसायली' हे वहीत आले की त्यावर लाल शाई उमटते. वर 'दिसत आहे' असे लिहिले जाते आणि मुलगी पुढच्या वेळी ते वाक्य लिहायचेच टाळते, कारण घरात जे आहे ते चुकीचे आहे असा तिचा समज होतो. प्रमाणभाषा शिकायला हवीच, परीक्षा तिच्यात आहे, अर्ज तिच्यात आहेत, वर्तमानपत्र तिच्यात आहे. पण ती दुसऱ्या पायरीवर यावी. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्या बोलींचा अभ्यास केला, वस्तीतल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवले आणि कमला निंबकर बालभवन उभे केले. मुलाच्या घरच्या बोलण्याचा मान राखून त्याला लिखित मराठीपर्यंत आणता येते, हे त्यांच्या कामातून दिसले. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर ही शिक्षिका माओरी मुलांना पहिले शब्द शिकवताना, तुला आज कोणता शब्द हवा, असे विचारायची. मूल भूत म्हणेल तर भूत, आई म्हणेल तर आई. तो शब्द ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून त्याच्या हातात द्यायची, आणि तो शब्द त्या मुलाचा व्हायचा. १९६३ च्या आपल्या पुस्तकात तिने हे सारे सांगितले आहे. मुलगी 'दिसायली' म्हणाली तर आधी 'दिसायली' लिहावे. नामदेवांच्या आणि जनाबाईंच्या शब्दांना तरी कोणी दरबारी मराठीत बदलून घेतले होते?

मग अक्षराचे काय? वळणाचे, समासाचे, शुद्धलेखनाचे? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे वजन मोठे आहे, कारण त्यामागे समर्थ रामदास उभे आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे काढावे. काना-मात्रा-वेलांटी नेटकी असावी. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा. चांगले बोरू आणावेत, शाई काळी कुळकुळीत असावी. मराठीत लेखन शिकवणारा इतका नेमका मजकूर क्वचितच सापडेल आणि तो अध्यात्माच्या ग्रंथात आहे, हे विसरू नये. समर्थांना हात वळवणे हा साधनेचाच भाग वाटत होता.

त्यातल्या दोन सूचना जवळून पाहण्यासारख्या आहेत. एक, पानाच्या भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. दुसरी, तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी उपयोगाचे राहत नाही. मध्यम लिहावे. या दोन्ही सूचनांत लिहिणाऱ्याच्या नजरेपुढे एक वाचणारा आहे. तो पन्नास वर्षांनी ती पोथी उघडेल, त्याची नजर मंद झालेली असेल, पानाच्या कडा कुरतडलेल्या असतील. त्याची सोय व्हावी म्हणून आजचे अक्षर मोकळे. कदाचित तो वाचणारा लिहिणारा स्वतःच असेल. जनाबाईंच्या यादीतला कान आणि समर्थांच्या समासातला हात इथे एकत्र येतात. सुंदर अक्षर काढ, नाहीतर गुण जातील, असे मुलाला सांगितले की अक्षर शिक्षा होते. तुझ्या आजोबांना हे वाचायचे आहे, त्यांना चष्म्यातूनही बारीक दिसत नाही, असे सांगितले की तेच अक्षर सेवा होते. हा फरक घरातच करता येतो. शाळेत साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना तो करायला वेळ उरत नाही.

यासाठी घरात काय हवे? फार थोडे. कीर्तनकार आपल्याजवळ बाड ठेवत. कुठे ऐकलेला अभंग, कुठला दाखला, कुठली कथा त्यात टिपलेली असे. नामदेवांच्या परंपरेचा बराच ठेवा अशा बाडांतूनच पुढे आला. ते छापायला नसायचे, कीर्तनाला उभे राहताना आठवण राहावी म्हणून असायचे. घरात एक असे बाड असावे, शंभर पानी वही पुरते, आणि त्यावर कोणा एकाचे नाव नसावे. आज उसाची ट्रॉली उलटली, हे त्यात कोणीही लिहावे. बाजारात हळदीला काय भाव निघाला, हे वडिलांनी सांगावे आणि मुलाने लिहावे. आजीने उखाणा सांगावा. आज लिहायला काहीच नाही, असे वाटेल त्या दिवशी तेच एक वाक्य लिहावे. तारीख घालावी आणि खाली कोण म्हणाले ते लिहावे. आजी म्हणे, बाबा म्हणे. नाममुद्रेची सवय अशीच लागते. रोज काहीतरी लिहावे हे समर्थांचे सांगणेही त्या वहीत आपोआप पाळले जाते.

विषयाचा प्रश्न औंढ्याला सुटतो. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढा नागनाथच्या देवळात भेटले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांना ते सहन झाले नाही. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, तूच माझे पाय उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेवांना अशी जागा सापडली नाही. ही कथा हिंगोलीतल्या मुलांना ऐकून माहीत असते. पंढरपूरच्या विटेवरचाच देव मानणाऱ्या भक्ताला तिने सगळीकडे पाहायला लावले. 'माझी आई', 'पावसाळा', 'माझा आवडता सण' या चार-पाच विटांवरच लेखन उभे असते अशी समजूत झालेल्या मुलाला हीच कथा वेगळ्या रीतीने लागू पडते. त्याला सांगावे, ज्यावर लिहिता येणार नाही अशी एक जागा घरात दाखव. हळद शिजवायचा कुकर, भिंतीवरची पाल, आजोबांची काठी, तुटलेली चप्पल. मुलाला ती जागा दाखवता येत नाही.

औंढ्याची आणखी एक कथा आहे. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, त्यांना समोरून हटवले, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी आजही मागे आहे, तो पाहून भाविक ही कथा सांगतात. पंजाबात १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा भाई गुरदास लिहायला बसले होते. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांतल्या एका पदात देवळाबाहेर काढलेल्या नामदेवांकडे देऊळ वळते. त्या पदात औंढ्याचे नाव नाही, पण वळणे तेच आहे. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे नामदेवांच्या नावाने ओळखले जाणारे गाव. तिथे २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शिंप्याच्या घरातल्या माणसाचे बोल दुसऱ्या भाषेच्या मुलखात, दुसऱ्या लिपीत, दुसऱ्याच्या हाताने लिहिले गेले, म्हणून मराठी साहित्यिकांची गाडी तिथवर गेली. कोणीतरी ऐकून लिहून ठेवले, एवढ्याने शब्द किती लांब जातो, हे नरसीच्या मुलांना त्यांच्याच गावातल्या माणसावरून सांगता येते.

आणि त्या चुलीपुढे? थोरल्याने सात ओळी लिहून बहिणीपुढे ठेवल्या आहेत. आता ती त्या आपल्या हाताने वहीत उतरवते आहे, अक्षर मोकळे ठेवून, बाजूला समास सोडून. उतरवून झाल्यावर ती आईला वाचून दाखवते. आई भाकरी उलटता उलटता ऐकते. हळद काढायला गेलेली आई, पिवळे हात, पिवळी भाकरी. वाचता वाचता मुलगी अडखळते, कारण आईने हात वर केला आहे.

"काढली नव्हं बाई," आई म्हणते, "काढली गड्यांनी. आम्ही येचली."

मुलगी 'काढायला' खोडते, आणि वर लिहिते, 'येचायला'.